‘वसूली’ची दुरुस्ती: एका शब्दाचं आणि एका पत्राचं प्रकरण

पत्र दोन पानांचं. बाईंनी ते माझ्या पुढ्यात ठेवलं तेव्हा विषयाच्या ओळीत एका शब्दाभोवती लाल शाईचं वेटोळं होतं. ‘अतिप्रदान रकमेच्या वसूलीबाबत’, म्हणजे जादा दिल्या गेलेल्या पैशांबद्दल, असं छापलेलं, आणि बाईंनी ‘सू’ खोडून वर ‘सु’ लिहिलेला. वसूल दीर्घ, वसुली ह्रस्व. महसूल दीर्घ, महसुली ह्रस्व. छत्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेला हात असा आपोआप चालतो.

“बाई, व्याकरण राहू द्या. आकडा बघितलात का?”

“आकडा नंतर. आधी मला सांगा भाऊसाहेब, वसुली कुणाकडून करतात?”

मी सवयीने बोलून गेलो, “थकबाकीदाराकडून.”

“मग मी कुणाचं काय थकवलं?”

जुलै २०२१. तोंडावर मास्क, ओटीवर दोन खुर्च्या लांब लांब मांडलेल्या. मी पंचायत समितीच्या लेखा शाखेतून वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झालो. अजूनही गावातले पेन्शनर कागद घेऊन येतात. माझा मुलगा बाईंच्या हाताखाली पहिली-दुसरी शिकला. त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर असली पत्रं मी स्वतः आयुष्यभर टाइप केलेली. त्या शब्दाला कधी कुणी लाल शाई लावली नव्हती.

प्रकरण असं. बाई १९८५ साली जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत लागल्या आणि ३१ मे २०२१ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, निवृत्त झाल्या. निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव तयार होताना सेवापुस्तक पडताळणीला गेलं. तिथे कुणीतरी सहाव्या वेतन आयोगाची वेतननिश्चिती पुन्हा मांडून पाहिली. हा आयोग १ जानेवारी २००६ पासून लागू, पण महाराष्ट्रात प्रत्यक्ष निश्चिती झाली ती २००९ मध्ये. जुन्या मूळ वेतनाला १.८६ ने गुणायचं, त्यात ग्रेड पे मिळवायचा. हिशेब अवघड नाही. पण एका बैठकीत शेकड्याने शिक्षक उरकायचे असले की कुणी गुणाकार करत बसत नाही. तक्ता समोर ठेवायचा, बोटाने ओळ धरायची आणि पुढचा आकडा उतरवायचा. बाईंच्या वेळी बोट एक ओळ खाली घसरलं. मूळ वेतन एका टप्प्याने जास्त धरलं गेलं.

फरक सुरुवातीला महिना काहीशे रुपयांचा. पण चुकीच्या मूळ वेतनावर दर जुलैला तीन टक्क्यांची वाढ बसते, वाढीवर महागाई भत्ता चढतो, घरभाडं चढतं. सातव्या आयोगात त्याच चुकीच्या पायाला २.५७ ने गुणलं जातं. पत्रासोबतच्या तक्त्यात तीन रकाने होते: देय वेतन, अदा वेतन, फरक. जानेवारी २००६ ते मे २०२१, एकशे पंच्याऐंशी महिने, एकशे पंच्याऐंशी ओळी. तळाला बेरीज ₹१,८७,४२०. आणि पत्राचं शेवटचं वाक्य: ‘सदर रक्कम आपणास देय असलेल्या उपदानातून वळती करण्यात येत आहे.’ उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी.

‘येत आहे’. विचारणा नाही, नोटीस नाही. पत्र हातात पडलं तेव्हा रक्कम कापून झाली होती.

बाईंना आकड्याचं दुःख होतंच, कुणाला नसतं. घराच्या गिलाव्यासाठी त्यांनी उपदानाच्या भरवशावर गवंड्याला शब्द दिला होता. पण त्या पुन्हा पुन्हा येत होत्या त्या एकाच शब्दावर. “अहो, वसुली म्हटलं की शेजारीपाजारी काय समजतात? बाईंनी सोसायटीचं कर्ज बुडवलं असं समजतात. पोस्टमनने तर दारातच विचारलं, वसुलीचं आहे काय म्हणून. पाकिटावरसुद्धा विषय लिहिलाय हो!”

मी तेव्हा समजूत घातली की कार्यालयीन शब्द आहे, मनावर घेऊ नका. घरी आल्यावर मात्र डोक्यात तेच. कारण बाईंचा प्रश्न व्याकरणाचा वाटला तरी तो पैशाचा होता. ज्या शब्दात ऋणको गृहीत धरलेला असतो, तो शब्द विषयाच्या ओळीत बसला की पुढची दोन पानं त्या माणसाने आपण ऋणको नाही हे सिद्ध करत बसायचं. निम्मा निकाल विषयाच्या ओळीतच लागतो.

आता हा शब्द. ‘वसूल’ आपल्याकडे अरबीतून फारसीच्या वाटेने आला. मुळात ‘वुसूल’ म्हणजे पोहोचणं. गझलेत प्रेमिकांच्या भेटीला जो ‘विसाल’ म्हणतात, तो याच घरातला. म्हणजे एकाच मुळातून एक भाऊ शायरीत गेला आणि दुसरा पंचायत समितीत लागला. ‘महसूल’ मात्र याचा सख्खा नाही, कानाला कितीही जुळला तरी. त्याचं मूळ वेगळं, मिळणं-उत्पन्न होणं या अर्थाचं. ‘हासील’ आणि ‘तहसील’ त्या कुळातले. तहसील म्हणजेच गोळा करणं, तेव्हा तहसीलदार हा नावानेच वसुली अधिकारी.

आणि गंमत पुढेच आहे. आपले अस्सल मराठी शब्द काढून बघा. ‘माझं त्याच्याकडे येणं आहे’. येणं, म्हणजे यायचं आहे ते. पैसे मिळाल्याची ‘पावती’. ती ‘पावणे’ या क्रियापदातून, आणि पावणं म्हणजे पोहोचणं, मिळणं. पत्र पावलं, पैसे पावले, देव पावला. अरबी वसूल, मराठी येणं, मराठी पावती: तिघांच्या पोटात चित्र एकच, पैसा चालत चालत ज्याचा त्याच्याकडे येऊन पोहोचला. यात कुणी कुणाची गचांडी धरलेली नाही. जुन्या हिशेबांत वसूल आणि बाकी शेजारी शेजारी असत. आलं ते वसूल, राहिलं ते बाकी. बस.

गचांडी आली ती ‘करणे’ मागे लागल्यावर, असं माझं मत. ‘रक्कम वसूल झाली’ म्हणा, अजून ती चालत आल्यासारखी वाटते. ‘रक्कम वसूल केली’ म्हणा, लगेच कुणीतरी दारात उभा दिसतो. आणि ‘वसुली’ हे नाम तर सगळं करण्याचंच. त्याच्याभोवती पथक जमतं, मोहीम निघते, मार्चअखेरचं उद्दिष्ट ठरतं. काही महापालिकांनी मिळकतकर थकवणाऱ्यांच्या दारात बँड वाजवून बघितला, तीही वसुलीच. सहकारी संस्थेचा ‘वसुली दाखला’ निघाला की माणसाची झोप उडते. कायद्यात एक ठरलेलं वाक्य आहे, ‘जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करण्यात येईल’. ते वाचलं की शेतकऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही. गुंडाची ‘हप्तावसुली’ असते. भांडणात कुणी ‘व्याजासकट वसूल करीन’ म्हणाला तर तो पैशाबद्दल बोलत नसतो. हलक्याफुलक्या बाजूला तेवढं ‘पैसे वसूल’ उरलंय: लग्नाच्या अहेराचे पैसे जिलेबीवर वसूल करणारा पाहुणा प्रत्येक पंगतीत एक तरी असतोच.

गेलेलं परत मिळण्याला मराठीत शब्दांचा तोटा नाही, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. चोरीला गेलेली साखळी पोलिस वसूल करत नाहीत, ‘हस्तगत’ करतात. कोर्टातून ती ‘सोडवून’ आणावी लागते. सावकाराकडच्या बांगड्याही सोडवायच्याच. सावकारी वह्यांत येणी ‘उगवायची’ असत. उसातून साखर किती निघाली याला इंग्रजीत रिकव्हरी म्हणतात, आपण ‘उतारा’ म्हणतो, आणि एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, ठरवताना १०.२५ टक्के उतारा पायाभूत धरला की कारखाना आणि शेतकरी दोघांनाही बरोबर कळतं कशाबद्दल चाललंय. आजारी माणूस ‘सावरतो’. शेजारणीने नेलेली पातेली नुसती परत येते, किंवा येत नाही.

मी बाईंसाठी एका कागदाच्या पाठीवर हे मांडून बघितलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. परतफेड, भरणा, परतावा या शब्दांत क्रिया देणाऱ्याची असते. कर्जदार परतफेड करतो; आयकर खातं परतावा देतं. वसुलीत मात्र क्रिया घेणाऱ्याची, आणि देणाऱ्याच्या वाट्याला फक्त ‘कडून’ येतो. शिवाय उतार ठरलेला: वरून खाली. सरकार जनतेकडून वसुली करतं, बँक कर्जदाराकडून. उलट दिशेला पैसे निघाले की शब्द बदलतो. सरकारकडे अडकलेलं मेडिकल बिल आपण ‘वसूल’ करत नाही. ते ‘मंजूर’ होतं. बाई ते वाचून म्हणाल्या, “म्हणजे घड्याळ्याच्या काट्यासारखं आहे, उलटं फिरतच नाही.” मग स्वतःच दुरुस्त केलं, “घड्याळाच्या.” लाल शाईची सवय.

शब्दांचं एवढं झाल्यावर नियमांकडे वळलो, कारण शेवटी अर्ज नियमांवर उभा राहतो.

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मध्ये १३४-अ हा नियम आहे. सेवाकाळात जादा रक्कम दिली गेल्याचं निवृत्तीनंतर आढळलं तर ती निवृत्तिवेतनातून वसूल करता येते असं तो म्हणतो, म्हणजे कार्यालयाच्या हातात अधिकार नाही असं नाही. पण त्याच नियमाच्या परंतुकात आहे की आधी त्या माणसाला म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यायची. बाईंना ती दिलीच नव्हती. हा पहिला मुद्दा, आणि तो बिनतोड.

दुसरा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाचा. पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह, निकाल १८ डिसेंबर २०१४. कर्मचाऱ्याने फसवणूक केलेली नाही, चूक कार्यालयाची आहे, पैसे मात्र जास्त गेलेत, अशा वेळी वसुली कुठे करता येणार नाही याच्या पाच परिस्थिती न्यायालयाने सांगितल्या. गट क आणि ड मधले कर्मचारी. निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे. वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून जास्त काळ जादा रक्कम दिली गेली असेल तर. वरच्या पदाचं काम चुकीने करायला लावून त्याचं वेतन दिलं असेल तर. आणि अखेरीस, जिथे वसुली करणं हे सरकारच्या हक्कापेक्षा कर्मचाऱ्यावरचा अन्याय ठरेल अशी कोणतीही स्थिती. बाई यातल्या तीन खणांत सरळ बसत होत्या. प्राथमिक शिक्षक म्हणजे जिल्हा परिषदेचा वर्ग ३, म्हणजेच गट क. आदेश निवृत्तीनंतरचा. काळ पंधरा वर्षांचा.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की प्रकरण संपलं. मला तसं वाटलं नाही. लेखा शाखेत आयुष्य गेल्यामुळे मला दुसरी बाजूही दिसते. २०१२ साली चंडीप्रसाद उनियाल प्रकरणात याच न्यायालयाने म्हटलं होतं की जादा दिला गेलेला सार्वजनिक पैसा ना देणाऱ्या अधिकाऱ्याचा असतो, ना घेणाऱ्याचा, तो करदात्यांचा. ते प्रकरणही शिक्षकांचंच, उत्तराखंडमधल्या, आणि तिथे बारा हप्त्यांत वसुली करायला सांगितली गेली. ज्या कारकुनाने बाईंना पत्र पाठवलं त्याच्या डोक्यावर लेखापरीक्षणाची टांगती तलवार असते. आक्षेप निघाला आणि वसुली केली नाही, तर उद्या तो आक्षेप त्याच्या नावावर चढतो. त्याच्यासमोर मंत्रालयाचा आदेश नसतो की कोर्टाचा निकाल नसतो, फक्त एक जुना नमुना असतो, आणि त्या नमुन्यात विषय आधीच छापलेला असतो. मीही १९९० च्या दशकात एका शिपायाला असंच पत्र दिलं होतं. त्याने काही विचारलं नाही, अंगठा उठवला, आणि पगारातून हप्ते सुरू झाले. त्याची आठवण या निमित्ताने झाली, हे कबूल करायला हवं.

अर्जाचा पहिला मसुदा मी लिहिला. शेवटची ओळ: ‘तरी सदर वसुली माफ करण्यात यावी, ही विनंती.’

बाईंनी ‘माफ’ला गोल केला.

“माफी कशाची? गुन्हा केला त्याला माफी. कर्ज काढलं त्याला कर्जमाफी. मी दोन्ही केलं नाही.”

“बाई, अर्जात असंच लिहितात.”

“तिकडे त्यांच्या पत्रात असंच लिहितात म्हणून मी थकबाकीदार झाले, इकडे आपल्या अर्जात असंच लिहितात म्हणून गुन्हेगार होऊ काय?”

दुसरा मसुदा: ‘सदर वसुली रद्द करण्यात यावी.’ हा त्यांना जरा पटला, पण मला नाही. वसुली रद्द केली आणि रक्कम तशीच वळती राहिली तर? नुसतं ‘रद्द’ म्हटलं की कार्यालय कागदावर रद्द करतं आणि पैसे कुठल्या शीर्षात गेले ते शोधत पुन्हा दोन वर्षं जातात. शेवटी आम्ही दोघांनी मिळून वाक्य बांधलं: ‘उपदानातून वळती केलेली ₹१,८७,४२० ही रक्कम मला परत मिळावी.’ विषयाच्या ओळीत वसुली हा शब्द ठेवलाच नाही. तिथे लिहिलं, ‘उपदानाची कापलेली रक्कम मिळणेबाबत’. उपदान बाईंचं येणं होतं. त्यातून कापलं गेलं. ते हवं आहे. अशा मांडणीत थकबाकीदार कोण, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. माझ्या नोकरीत मी इतका वेळ एका ओळीवर कधी घालवला नव्हता.

सोबत जोडलं ते हे, की निवृत्तिवेतन आणि उपदान ही सरकारची मेहेरबानी नसते. देवकीनंदन प्रसाद प्रकरणात १९७१ मध्येच निवृत्तिवेतन ही मालमत्ता ठरली, आणि २०१३ साली झारखंडच्या जितेंद्रकुमार श्रीवास्तव प्रकरणात कायद्याच्या आधाराशिवाय निवृत्तिवेतन-उपदान अडवता येणार नाही हे पुन्हा सांगितलं गेलं.

उत्तर आलं पाच महिन्यांनी. एका पानाचं, आणि त्याच्या मागे झेरॉक्स: बाईंच्या सहीचं वचनपत्र. वेतननिश्चिती चुकीची झाल्याचं नंतर आढळलं तर जादा रक्कम परत करीन, अशा आशयाचं. खाली बाईंची वळणदार सही.

बाई गप्प झाल्या. “हे मी लिहून दिलंय?”

सगळेच देतात. विकल्पाच्या नमुन्यासोबत गठ्ठ्याने कागद येतात, मुख्याध्यापक म्हणतात इथे, इथे आणि इथे. पण वचनपत्र ही यातली खरी अडचण होती, आणि अशा प्रकरणांत लोक इथेच हरतात. २९ जुलै २०१६ च्या जगदेव सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच म्हटलं: ज्याने वेतननिश्चितीच्या वेळी लेखी हमी दिली, त्याला निवृत्त झालो म्हणून वसुली नको असं म्हणता येणार नाही. तिथे दोन वर्षांच्या हप्त्यांची सवलत मिळाली, माफी नाही.

मी झेरॉक्स उजेडाला धरली. तारीख वाचली. २०१९.

वचनपत्र सातव्या आयोगाच्या वेळचं होतं. चूक होती सहाव्याच्या, २००९ मधल्या. जगदेव सिंगांनी हमी दिली होती ती ज्या निश्चितीत जादा रक्कम मिळाली त्याच निश्चितीची. शिवाय ते न्यायिक अधिकारी होते, गट क चे नव्हते. आणि त्या निकालाने हात लावला तो रफीक मसीहमधल्या निवृत्तांच्या परिस्थितीला. वर्ग ३ ची परिस्थिती त्याआधीची, स्वतंत्र, तशीच उभी. आम्ही पत्र लिहून २००९ चं वचनपत्र मागितलं. असेल तर दाखवा. सेवापुस्तकाची पानं मी स्वतः कार्यालयात जाऊन उलटली. सहाव्या आयोगाच्या नोंदीखाली हिरव्या शाईतली सही, शिक्का, त्याच्या मागे टाचणीची दोन भोकं, आणि कागद नाही. भोकं कशाची होती ते सांगता येत नाही. कदाचित वचनपत्राचीच. मी त्यावर काही बोललो नाही, आणि त्यांनाही ते सापडलं नाही.

वचनपत्रातही एक गोष्ट बाईंनी दाखवली. तिथे ‘वसुली’ नव्हतं. ‘परत करीन’ होतं. “बघा, मी म्हणाले होते मी करीन. त्यांनी मला करूच दिलं नाही, परस्पर करून टाकलं.” हा मुद्दा कायद्यात कितपत टिकतो मला ठाऊक होतं, अर्जात घातला नाही. पण माणूस म्हणून तो मला सगळ्यांत खरा वाटला. आधी चहा पाजून सांगितलं असतं, बाई, आमच्याकडून चूक झाली, तुमच्याकडे एवढे जास्त आलेत, कसं करायचं, तर या बाईंनी निम्मे तरी मुकाट्याने भरले असते अशी माझी खात्री आहे.

मग मे २०२२ मध्ये थॉमस डॅनियल विरुद्ध केरळ राज्य हा निकाल आला. केरळमधले निवृत्त शिक्षक, १९९९ साली निवृत्त, चूक वेतनवाढीच्या हिशेबात, फसवणूक नाही. न्यायालय म्हणालं, वसुली नको. बाईंनी तो निकाल स्वतः वाचला, डिक्शनरी घेऊन, आणि समासात मराठीत टाचणं केली. तिसरं पत्र त्यांनीच लिहिलं, मी फक्त परिच्छेदांना क्रमांक घातले. वकिलाची नोटीसही त्यासोबत गेली. उच्च न्यायालयात जायची वेळ येणार असं धरूनच आम्ही कागद लावत होतो.

ती आली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये आदेश निघाला. वेतननिश्चितीची दुरुस्ती कायम, वळती केलेली रक्कम परत. म्हणजे बाईंचं निवृत्तिवेतन दुरुस्त, कमी वेतनावरच बसलं आणि ते बरोबरच आहे. चूक सापडल्यावर ती पुढे चालू ठेवा असा हक्क कुणालाच नसतो. बाईंना हा भाग समजावून सांगायला मला वेळ लागेल असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “उत्तरपत्रिकेत चुकून दिलेला गुण पुढच्या वेळी काढावाच लागतो. पण मागच्या वर्षी दिलेलं बक्षीस घरी येऊन कुणी काढून नेत नाही.”

आदेशाचा विषय मी मुद्दाम पाहिला. ‘वसूल केलेल्या रकमेच्या परताव्याबाबत’. जाताना वसूल, येताना परतावा. ‘सू’ यावेळी बरोबर होता.

व्याज मिळालं नाही. वीस महिने रक्कम त्यांच्याकडे राहिली. मागूया का विचारलं तर बाई हसल्या. “व्याजासकट वसूल करायचं म्हणता?” मग म्हणाल्या गवंड्याने दर वाढवलेत तेवढं व्याज तर मीच भरतेय, सोडून द्या. मी असतो तर सोडलं नसतं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, सगळी कार्यालयं जेव्हा वसुलीच्या मागे असतात तेव्हा, बाईंना सहीला बोलावलं. मी सोबत होतो. टेबलावरचा मुलगा तिशीतला, पत्र लिहिणारा हाच असावा. पावतीचा नमुना छापलेला, त्यावर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट चिकटवलेलं, आणि रकमेपुढे मोकळी जागा. “बाई, इथे लिहा, ‘परतावा मिळाला’, आणि तिकिटावर सही करा.”

बाईंनी चष्मा लावला. पेन हातात घेऊन थोडं थांबल्या. मग जुन्या खरेदीखतांत, उसनवारीच्या चिठ्ठ्यांत लिहायचे तसं लिहिलं: ‘अक्षरी रुपये एक लाख सत्त्याऐंशी हजार चारशे वीस फक्त, भरून पावले.’

मुलाने वाचलं आणि वर बघितलं. त्याला बहुधा टोमणा वाटला, कारण वैतागलेली माणसंही हेच म्हणतात. “बाई, असं चालतं का?” त्याने मला विचारलं, बाईंना नाही.

“चालतं,” मी म्हटलं. “पावतीत हेच लिहायचे.”

त्याने कागद फायलीला लावला. बाई उठता उठता टेबलावरच्या दुसऱ्या गठ्ठ्याकडे वाकून बघत होत्या. वरच्याच पत्रावर विषय होता, कुणा दुसऱ्याच्या नावाचा, आणि ‘सू’ दीर्घ. “बाळ,” त्या म्हणाल्या, “लाल पेन आहे का रे?”